तिकीट दाखवा

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या प्रचारात, आमच्या फाट्यावर एका उमेदवाराचा ताफा थांबला. पुढं दोन जीप, मधे भलीमोठी पांढरी गाडी, मागं मोटारसायकलींचं मोहोळ. हलगी कडाडली, फटाक्यांची माळ उडाली आणि उमेदवार हात जोडलेलेच गाडीतून खाली उतरले. गर्दीतून एक उंच, वाळका म्हातारा पुढं झाला. उमेदवार सवयीनं त्याच्या पायाकडं वाकले. म्हातारा दोन पावलं मागं सरकला.

"पाया नंतर पडा. तिकीट मिळालं म्हनं तुमाला?"

"तुमचा आशीर्वाद, आप्पा!"

"मग दाखवा की. कुठून कुठवर काढलंय, बघू."

आप्पांनी एस.टी.त चौतीस वर्षं कंडक्टरकी केली. तिकीट या शब्दाला दुसरा अर्थ असतो, हे त्यांनी आजवर मान्य केलेलं नाही. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, तिकीट काढलेली आणि विनातिकीट. मुरूडला चढून ढोकीचं तिकीट घेणारा आणि डोळे मिटून येडशीपर्यंत जाणारा प्रवासी, आणि विकासाचं तिकीट घेऊन स्वतःच्याच बंगल्यावर उतरणारा पुढारी, हे दोघं त्यांच्या वहीत एकाच पानावर असतात.

आप्पांचं नाव-गाव मी सांगणार नाही. सांगितलं तर 'माझ्याविषयी छापलेली माहिती कोणत्या अभिलेखाच्या आधारे दिली' असा अर्ज येईल आणि त्याची झेरॉक्स पुन्हा मलाच काढून द्यावी लागेल. येडशी, येरमाळा, ढोकी, तेर असा एक चौकोन मनात धरा. त्यात कुठंतरी. बरं, असा माणूस आमच्याच गावाला लाभलाय असंही नाही. परंड्याकडं एक आहेत, ते मास्तर होते. उमरग्याला एक आहेत, ते वकिलाकडं कारकून होते. पण त्यांचे प्रश्न भाषणासारखे लांबतात. आप्पांचा प्रश्न तिकिटाएवढाच असतो, आणि पंच मारल्यासारखा भोक पाडून जातो.

फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पानाला दोन रुपये. त्यामुळं आप्पांकडं मी तटस्थपणे बघू शकत नाही हे आधीच कबूल करतो. निवडणुकीच्या महिन्यात माझ्या दुकानाचं निम्मं लाइट बिल आप्पा भरतात.

आप्पांच्या खांद्याला कातडी पिशवी असते. नोकरीतली नव्हे. ती निवृत्तीच्या दिवशी पावती घेऊन जमा केली, आणि ती पावती या पिशवीत आहे. पिशवीत आणखी काय काय? दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, भिंग, मोजपट्टी, कॅल्क्युलेटर, जुन्या बाजारातून मुद्दाम आणलेला तिकिटाचा पंच, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २००९, २०१४, २०१९, २०२४ या चारही विधानसभांची उमेदवारांची शपथपत्रं. प्रत्येक पानाला पारदर्शक कव्हर. घरच्या सातबाऱ्याला त्यांच्या मंडळींनी, म्हणजे काकूंनी, एवढं जपलेलं नाही.

शपथपत्र ही चीज आपल्याकडं तशी अलीकडची. उमेदवारानं आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे मतदाराला सांगितले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २००२ मध्ये सांगितलं. त्यावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका बैठकीत एका सुरात बोलले आणि कायदा करून त्यातून अंग काढून घ्यायला निघाले. मार्च २००३ मध्ये न्यायालयानं ती पळवाट बुजवली. तेव्हापासून शपथपत्र सक्तीचं झालं. आप्पा ही हकिकत सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात कीर्तनकाराचा चढ येतो. "सगळे पक्ष एका गाडीत बसले हुते. एकाकडं तिकीट न्हाई. आन् मधल्या स्टॉपला चेकिंग चढलं!"

सुरुवातीला उमेदवार अडचणीचे रकाने कोरे सोडायचे. २०१३ च्या सप्टेंबरात न्यायालयानं सांगितलं की रकाना कोरा चालणार नाही, काहीतरी लिहा. मग मराठी भाषेला एक शब्द सापडला. निरंक.

निरंक या शब्दावर आप्पांचं प्रेम आहे. कोऱ्या जागेत चोर लपतो हे पोरालाही कळतं, पण निरंक लिहिलं की तिथं जणू विभूती लावलेला बैरागी बसतो, असं त्यांचं म्हणणं. थकीत कर निरंक. सरकारी देणी निरंक. वाहन निरंक. हे शेवटचं त्यांनी त्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर पंच आपटत, सगळ्या गर्दीसमोर वाचून दाखवलं.

"मग ही कुणाची म्हनायची?"

"मित्राची आहे, आप्पा."

"आन् पुढली दोन?"

"ती पण मित्रांचीच."

"बरंय. मित्र स्थावर धरायचे का जंगम?"

लोक हसले, उमेदवारही हसले. हसणं ही उमेदवाराची पहिली ढाल असते. दुसरी ढाल म्हणजे 'आप्पांना चहा द्या'. आप्पा चहा घेतात, पण पैसे देतात आणि टपरीवाल्याकडून पावती मागतात. टपरीवाल्यानं निव्वळ त्यांच्यासाठी एक पावतीपुस्तक छापून घेतलंय. पहिली पावती आप्पांची, दुसरीही आप्पांची, आणि आता एकशे चाळिसावीही आप्पांचीच.

आप्पांची वाचायची रीत साधी आहे. चारही निवडणुकांची पानं शेजारी शेजारी मांडायची आणि आडवं वाचत जायचं. उभं वाचलं तर प्रत्येक शपथपत्र संतचरित्र वाटतं. आडवं वाचलं की तमाशा सुरू होतो. एका उमेदवाराचं वय दहा वर्षांत पाचनं वाढलेलं त्यांनी दाखवलं. "एक्सप्रेस हाय. दर दुसरं वर्ष थांबा न घेता जातंय." त्याच माणसाचं शिक्षण एका निवडणुकीला बी.ए., तर पुढच्या निवडणुकीला बारावी. "खरं बोलायला लागलाय," आप्पा म्हणाले. "अजून दोन निवडनुका लढला तर चौथीवर येईल." बायकोच्या अंगावरचं सोनं मात्र तिन्ही वेळा तोळ्याला तोळा तेवढंच, आणि त्याची किंमतही तीच. सराफ बाजारात एवढी उलथापालथ झाली, त्या एका घरात भाव हलला नाही.

पण आप्पांचा आवडता रकाना व्यवसायाचा. तिथं बहुधा 'शेती व समाजसेवा' असतं. आता आमच्या भागात शेती म्हणजे सोयाबीन. एकरी आठ-दहा क्विंटल उतरलं तर माणूस गावजेवण घालतो. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात लोकांनी माल त्याच्या बऱ्याच खाली घातला. आप्पांनी एका उमेदवाराची चार एकर जिराईत आणि शेतीचं वर्षाचं पन्नास लाखांचं उत्पन्न घेतलं, हमीभावानं भागलं, एकरानं भागलं. एकरी अडीचशे क्विंटलच्या वर उत्तर आलं. त्यांनी कॅल्क्युलेटर उलटा करून ठोकला, पुन्हा भागलं. तेच आलं. मग सभा चालू असताना उठून हात वर केला. माइकवाल्याला वाटलं, हार घालायचाय.

"साहेब, भ्रष्टाचाराचं मी काई इचारत न्हाई. ते तुमचं तुमी बगा. मला फकस्त बियान्याची पिशवी कंची ती सांगा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा एका उमेदवाराला खरोखर विचारात पडलेलं पाहिलं. मागून एक कार्यकर्ता कानात काही पुटपुटला, आणि साहेबांनी कृष्णेच्या पाण्यावर बोलायला सुरुवात केली.

कृष्णेचं पाणी ही आमच्याकडली तिसरी ढाल, आणि सगळ्यात मोठी. जिल्हा कोरडा, त्यामुळं पाण्याचं नाव काढलं की माणूस आपोआप गप्प होतो. त्याखालोखाल रेल्वे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव, ८४ किलोमीटर. आमच्या वडिलांच्या पिढीनं ही गाडी भाषणात ऐकली. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द पंतप्रधान सोलापुरात येऊन तिच्याविषयी बोलून गेले, आता कामही सुरू आहे. तरी प्रत्येक निवडणुकीत दोन्हीकडचे उमेदवार ती आपणच आणली म्हणून सांगतात. आप्पा दोघांनाही एकच विचारतात, "एवढ्याच वाटंला आमची लाल गाडी दोन तास घेती. तुमची किती लेट हाय ते नक्की सांगा, म्हंजे मी फलाटावर तसं बसतो."

सभेला किती माणसं होती, यावरही त्यांच्याशी वाद घालू नये. 'पंचवीस हजारांचा जनसागर' अशी बातमी आली की आप्पा बोट ओलं करून सांगतात, "अडतीस गाड्या. उभे धरून." चौतीस वर्षं दारातून आत बघून माणसं मोजलेला हा डोळा आहे. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख. चहा केवढ्याला, मंडप केवढ्याला, हार केवढ्याला याचं दरपत्रक निवडणूक कार्यालय काढतं. ते आप्पांच्या पिशवीत असतंच. जेवणावळीत पंगती किती उठल्या ते झाडाखाली बसून लिहून घेतात. एकदा नातवाकडून मोबाइलवर सी-व्हिजिलची तक्रारही टाकली. शंभर मिनिटांत दखल घेतात म्हणतात. पथक खरंच वेळेत आलं. पण मटणाचं पातेलं त्याहून वेळेत संपलं होतं. पंचनाम्यात काय आलं? रस्सा, निरंक.

आमच्यापासून तेर जवळ. गोरोबाकाकांचं तेर. तिथली गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. संतांचा मेळा जमला होता, मुक्ताईनं गोरोबांना म्हटलं की काका, यातली मडकी पक्की कोणती, कच्ची कोणती ते सांगा. गोरोबांनी कुंभाराचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे मुकाट बसले, नामदेव मात्र तडकले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. मोठ्यात मोठ्या संताला तपासल्याशिवाय पास न करण्याची ही आमच्या भागाची जुनी खोड आहे, असं आप्पा अभिमानानं सांगतात. पंच म्हणजे त्यांचं थापटणं. उमेदवार चिडला की ते शांतपणे वहीत 'कच्चं' लिहितात. न चिडता हसला तर 'कच्चं, पण वरून रंग दिलेला'.

नामदेव पुढं औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले, गुरू केला, पक्के झाले. आमचे कच्चे उमेदवार त्यासाठी थांबत नाहीत. ते निवडून येतात.

आणि इथंच गावाचं एक गुपित सांगायला हवं. आप्पांचे प्रश्न ऐकायला झाडून सगळं गाव येतं. कुणी भाकरी टाकून येतं. प्रश्न झाला की टाळ्या पडतात, पोरं शिट्ट्या मारतात, व्हिडिओ अणदूर-नळदुर्गापर्यंत फिरतो. मग मतदानाच्या दिवशी तेच गाव रांगेत उभं राहून जातीला, पाहुण्याला, नाहीतर पाकिटाला मत देऊन येतं आणि संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर बसून 'कशी जिरवली!' म्हणतं. त्या बी.ए.-बारावीवाल्याला आमच्या बूथवर दणदणीत मतं होती. आप्पांनी आकडा बघितला, चष्मा पुसला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पुढच्या शपथपत्राची वाट बघायला लागले. हे त्यांना टोचतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी दोनदा विचारायला गेलो, दोन्ही वेळा त्यांनी मला झेरॉक्सचा रंग फिका आल्याबद्दल धारेवर धरलं.

निवडणुका नसतात तेव्हा माहितीचा अधिकार असतो. आपल्या राज्यात एका अर्जाला एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत, असा नियम आहे. या नियमानं भलेभले कार्यकर्ते जेरीस आले, आप्पांना मात्र तो साखरेसारखा गोड लागला. चौतीस वर्षं वेबिलाच्या रकान्यात अख्ख्या गाडीचं आयुष्य बसवलेल्या माणसाला दीडशे शब्द म्हणजे ऐसपैस जागा. त्यांचा सगळ्यात गाजलेला अर्ज दहा शब्दांचा होता. 'स्मशानभूमीच्या शेडचे बिल निघाले. शेड कुठे आहे? येऊन बसायचे आहे.' एका कार्यालयातून उत्तर आलं, 'सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.' आप्पांनी अपील केलं, की माहिती आढळू नये, शेड आढळावी.

मधे जिल्ह्याचं नाव बदललं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा आप्पांकडं जुन्या नावाचा मायना लिहिलेले बावीस कोरे अर्ज तयार होते. कागद वाया घालवणं त्यांच्या रक्तात नाही. बावीसही अर्जांवर त्यांनी काट मारून वर धाराशिव लिहिलं, आणि प्रत्येक खाडाखोडीपाशी सही केली. शेळीचं मात्र त्यांना अजून पडलेलं आहे. जिल्हा धाराशिव झाला तरी शेळी उस्मानाबादीच राहिली, मग तिच्या कागदावर कुणी खाडाखोड करायची?

त्यांच्या घरात भिंतीवर देवीचा फोटो आहे, तुळजापूरहून आणलेला, आणि त्याच्या शेजारी अण्णा हजारेंचा. त्याला कारण आहे. २००३ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला. हजारेंनी आरोप केलेले चार मंत्री चौकशीत होते, त्यातले एक आमच्या तेरचे डॉ. पद्मसिंह पाटील. जिल्ह्यात तेव्हा दुसरा विषय नव्हता. चावडीवर दोन तट पडले होते, आणि सोयरिकी मोडायच्या बेतात आल्या होत्या. पण त्याच आयोगापुढं हजारेंच्या संस्थांचे हिशेबही आले. २००५ मध्ये अहवाल आला, तेव्हा मंत्र्यांचं काय झालं यावर गाव आठवडाभर भांडलं. आप्पांनी मात्र भलतंच पान धरून ठेवलं. हजारेंच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावर ट्रस्टचे दोन लाखांच्या वर खर्च झाले होते, आणि आयोगानं ते गैर ठरवलं होतं.

आप्पा तीन दिवस जेवले नाहीत असं काकू सांगतात. आप्पा सांगतात, एकच दिवस. फोटो त्यांनी उतरवला नाही, पण त्या दिवसापासून स्वतःच्या खर्चाची वही घातली. इचारनाऱ्याचं वेबिल आधी जुळलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. आपल्या वाढदिवसाच्या पानावर दरवर्षी एकच नोंद असते: पेढे, दोन नग, स्वखर्च.

गेल्या ग्रामपंचायतीला पोरांनी डोकं लढवलं. "आप्पा, लोकांचे फॉर्म किती दिवस वाचणार? तुमीच उभे ऱ्हावा." आप्पांनी आठवडा मागून घेतला. नव्या दोऱ्याची फाइल आणली. माझ्याकडून तीन प्रतींच्या हिशेबानं झेरॉक्स काढल्या, आणि पहिल्यांदाच उधार ठेवलं. तेवढ्यावरून मी ओळखलं की माणूस आतून हललाय.

ग्रामपंचायतीचा फॉर्म विधानसभेएवढा लांब नसतो, पण चावरा असतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नको. आप्पांची तिन्ही लेकरं त्याच्या कितीतरी आधीची, तिथं सुटले. घरी शौचालय आहे आणि त्याचा नियमित वापर करतो हे लिहून द्यायचं. तेही होतं. मग मालमत्ता आली. आप्पांनी पेन उघडलं आणि काकूंना हाक मारली. मी साक्षीदार म्हणून ओट्यावर होतो.

"सोनं चार तोळे लिहितो."

"चार कुठले? धाकट्याच्या ॲडमिशनला दोन तुमीच मोडलाव की."

"मग दोन."

"त्यातलं एक बँकेत गहान हाय."

आप्पांनी चष्मा काढला. हे त्यांच्या वहीत नव्हतं. "कवापासून?"

"तुमचा मोतीबिंदू कुठनं झाला मनता?"

पुढचा रकाना हातातल्या रोकडीचा. काकूंनी शांतपणे सात हजार तीनशे सांगितले. आप्पांनी स्वतःचे सहाशे धरले होते.

"तुझ्याकडं सात हजार कुठून आले?"

"उत्पन्नाचा स्रोत इचारायलाव का?" काकू दारातून पुढं आल्या. २०१८ पासून मोठ्या निवडणुकांत तोही लिहावा लागतो, हे त्यांना आप्पांनीच जेवता जेवता शिकवलं होतं. "लिहा. शेळीची दोन पिल्लं इकली. उस्मानाबादी. गिऱ्हाईक फाट्यावरचं. पावती न्हाई."

आप्पांनी लिहिलं. हात थोडा कापत होता. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कधी चेकिंग लागलं नव्हतं, आणि आज लागलं ते मधल्या स्टॉपवर नव्हे, थेट डेपोत.

"आन् आता आखरीचं इचारते," काकू म्हणाल्या. "सरकारी जागंवर अतिक्रमन न्हाई, असं लिहायचंय ना? मग ह्यो ओटा कुणाच्या जागंत हाय?"

मी खाली बघितलं. आप्पांनीही बघितलं. ओटा आप्पांच्या वडिलांनी बांधलेला, शहाबादी फरशीचा. सगळं गाव त्यावर बसून शपथपत्रं ऐकत आलेलं. पिशवीतून मोजपट्टी निघाली. याच पट्टीनं आप्पांनी गावातल्या सतरा जणांच्या पायऱ्या आणि दोन पुढाऱ्यांची कुंपणं मोजली होती. ओटा रस्त्यात एक फूट नऊ इंच. वडिलांनी बांधला म्हणून सूट नसते, हे आप्पांना सांगावं लागलं नाही. घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात राहणाराही अपात्र ठरतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल त्यांनी स्वतः माझ्याकडून सात प्रतींत काढून नेला होता, सरपंचासाठी.

रात्री आठ वाजता आप्पांनी पहार घेतली. मी म्हटलं, आप्पा, कोण बघतंय, निवडणूक झाल्यावर पाडा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी आधी पहारीला हात लावला, आणि मग घरी गेलो. सकाळी ओट्याच्या जागी फरशीचे तुकडे रचून ठेवले होते. मोजपट्टी लावली तर दोन इंच आतच. ओट्यावरची नेहमीची चार म्हातारी माणसं काठ्या टेकून रस्त्यात उभी होती, आणि आता बसायचं कुठं म्हणून एकमेकांकडं बघत होती.

छाननीच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तालुक्याला गेले. फाइलमध्ये एकतीस कागद. ओट्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो, गहाणाची पावती, शेळीच्या गिऱ्हाइकाचा जबाब, आणि येऊ शकणाऱ्या अकरा आक्षेपांची लेखी उत्तरं. अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं. "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. "वैध. पुढचं."

आप्पा हलेनात.

"साहेब, वाचा तरी."

"वैध आहे हो तुमचा."

"त्ये खरं. पर न वाचता कसं कळालं?"

मागं रांग लागली होती. शिपायानं दंडाला धरून बाजूला घेतलं. येताना गाडीत आप्पा एक शब्द बोलले नाहीत. ढोकीच्या पुढं आल्यावर म्हणाले, "एकानं तरी ओट्याचं इचारायला पायजे हुतं." त्या निवडणुकीत त्यांना प्रश्न विचारणारी एकच मतदार निघाली, आणि तिनं मत कुणाला दिलं हे काकू अजून सांगत नाहीत.

आप्पांना त्रेपन्न मतं पडली. "एक गाडी," मी म्हणालो. "उभे धरून," आप्पा म्हणाले.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी ते दुकानात आले. उधारी चुकती केली, पावती घेतली आणि निवडून आलेल्या सदस्याच्या घोषणापत्राची प्रत काउंटरवर पसरली. भिंग एका ओळीवर आणून ठेवलं. शौचालय आहे. वापर नियमित.

"सकाळी पाचला ये," ते म्हणाले. "शटर उघडायच्या आत परत येऊ."

थंडी होती. सदस्याच्या वाड्यामागं शौचालय होतं, पक्कं, टाइल लावलेलं, दाराला कुलूप. फटीतून कडब्याच्या पेंढ्या दिसत होत्या. आप्पांनी भिंतीशी पोतं अंथरलं, पिशवी मांडीवर घेतली आणि वहीत वेळ लिहिली. पाच चाळीस. मी म्हटलं, आप्पा, चला, कुलूप दिसलं, फोटो निघाला, झालं की काम. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेला वाड्याचं मागचं दार उघडलं. नवनिर्वाचित सदस्य बाहेर आले, डोक्याला मफलर, हातात टमरेल. चार पावलं आले आणि थांबले. समोर आप्पा उठून उभे राहिले होते. त्यांनी पिशवीतून पंच काढला आणि कुलपावर दोनदा वाजवला.

"कुठून कुठवर?"